गळ नसलेला चकवा

मित्रांनो, मी एक जुना चकवा आहे. दचकू नका. रानात माणसाला वाट चुकवतो आणि एकाच झाडाभोवती फिरवत ठेवतो, तो मी नव्हे. मी लाकडाचा आहे, हातभर लांब, आणि माझी नोकरी समुद्रावर होती. होडीच्या मागे दोरीला बांधून मला पाण्यावरून ओढत नेत. मला बघून मोठे मासे खोलातून वर येत. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या मनात काही राहायला नको. मला गळ नव्हता. कधीच नव्हता. मी कोणाला टोचलो नाही, कोणाला पकडलं नाही. मी फक्त बोलवायचो.

हल्ली मी जमिनीखाली असतो. ते कसं, ते ओघानं येईलच.

बोका सेका गावात निकानोर आणि एलिसेओ हे दोघे भाऊ होडी चालवायचे. होडीचं नाव तेर्का, म्हणजे हट्टी, आणि इंजिन अगदी नावाला जागणारं. धाकटा एलिसेओ सुकाणू धरायचा, थोरला निकानोर मागे उभा राहून दोऱ्या सांभाळायचा. दूरदेशीचे हौशी पाहुणे मोठा मासा गळाला लागावा म्हणून त्यांच्या होडीत बसायचे. एके वर्षी नदीच्या तोंडाशी वाळूच्या उंचवट्यावर आपटून त्यांच्या वडिलांचं देवदाराचं वल्हं मोडलं. एलिसेओनं ते चुलीत घालायला काढलं होतं. निकानोर म्हणाला, बाबांचं वल्हं जाळतोस, लाज वाटू दे. आणि त्यानं दांड्याचा जाड तुकडा मांडीवर घेऊन मला कोरायला सुरुवात केली.

त्यानं माझं तोंड खोलगट केलं. पाण्यावरून ओढला गेलो की मी हवा गिळायचो आणि गुबुक असा आवाज व्हायचा, आणि मागे बुडबुड्यांची पांढरी रेघ उमटायची. पोटात थोडं शिसं भरलं, म्हणजे मी पालथा होऊ नये. मागे गुलाबी रबराची झालर बांधली. डोळे तेवढे राहिले होते. निकानोरचं म्हणणं असं की, डोळे दिसले तरच माशाला खरं वाटतं. त्याच्या बायकोनं, सोराइदानं, लग्नातल्या ब्लाउजची शिंपल्याची दोन बटणं कापून दिली आणि वर ऐकवलं, की मी लग्नात ही लावून आले होते तेव्हा तू एवढं निरखून बघितलं नव्हतंस. निकानोर हसत हसत डोळे चिकटवत बसला.

डोळे त्यानं पुढच्या बाजूला लावले, होडीकडे बघणारे. त्यामुळे माझं सगळं आयुष्य त्या दोघा भावांची तोंडं बघण्यात गेलं. माझ्या मागे पाण्यातून कोण वर येतं, हे मला कधीच दिसलं नाही. मागे कोणीतरी आलं आहे हे मला निकानोरच्या चेहऱ्यावरून कळायचं. एवढं लक्षात ठेवा.

आमच्या समुद्राचे स्वभाव दोन. पावसाळ्यात नद्या कॉफीच्या रंगाचं पाणी ओततात, डोंगरातली झाडं मुळांसकट वाहून आणतात. ती झाडं समुद्रात लांबवर तरंगत राहतात आणि त्यांच्या सावलीला सोनेरी दोरादो मासे जमतात. सकाळी पाणी तेलासारखं शांत, दुपारनंतर पाऊस. त्या दिवसांत मला फारसं काम नसे. माझा हंगाम नाताळनंतरचा. तेव्हा आभाळ कोरडं होतं, ऊबदार निळं पाणी किनाऱ्याजवळ येतं आणि त्याच्याबरोबर शीडमासे येतात. लांब चोचीचे, पाठीवर शीड उभारणारे. पण त्याच दिवसांत डोंगराच्या खिंडीतून उत्तरेचा वारा सुटतो. तो सुटला की वरचं ऊबदार पाणी पार लोटून देतो आणि खालचं थंड, हिरवं पाणी वर येतं. हिरव्या पाण्यात शीडमासा राहत नाही. मग निळ्या पाण्याची कड शोधत लांब जावं लागतं. हिरवं संपतं आणि निळं सुरू होतं तिथे पाण्यावर खरोखरच कड दिसते, फेसाची आणि पाल्याची. सगळी मौज तिथे, आणि सगळा धोकाही तिथेच.

माझं काम असं. मी गुबुक गुबुक करत जायचो. मागे शीडमासा यायचा आणि मला चोचीनं मारायचा. माझ्या अंगावर ते सगळे ओरखडे आहेत. निकानोर दोरीला झटके द्यायचा, एक लांब आणि दोन आखूड, नेहमी तसेच, म्हणजे मी जिवाच्या आकांतानं पळतो आहे असं माशाला वाटावं. मासा चवताळला की निकानोर मला झपाझप ओढून होडीत घ्यायचा आणि त्याच जागी पाहुणा आपला गळ सोडायचा. मला लवकर ओढलं तर माशाचं मन उडतं. उशिरा ओढलं तर तो मला तोंडात धरून बुडी मारतो. निकानोरला ती वेळ बरोबर साधायची. एलिसेओला नाही. थोरला त्याला चिडवायचा, तुला मासा दिसेपर्यंत त्याला नातवंडं होतील.

पकडलेला शीडमासा आमच्याकडे मारत नाहीत. फोटो काढतात आणि सोडून देतात. परत येताना होडीच्या बांबूवर एकेका माशाचा एकेक झेंडा लावायचा. सोडून दिलेल्या माशाचा झेंडा उलटा. धक्क्यावर उभ्या असलेल्या बायकांना, बर्फवाल्याला, सगळ्यांना लांबूनच समजायचं, आज एवढे वर आले आणि एवढे सुखरूप घरी गेले. तेर्काच्या बांबूवर उलट्या झेंड्यांची रांग असायची आणि माझं नाव गावभर झालं होतं. दुसऱ्या होडीवाल्यांनी मला उसना मागितला तर निकानोर म्हणायचा, बायको मागा, चकवा मागू नका. हे सोराइदाच्या कानावर गेलं. त्या दिवशी त्याच्या भातात मीठ नव्हतं, आणि तो मुकाट्यानं जेवला.

आता ती चूक सांगतो. आमच्याकडचा कोणीही माणूस गळाची दोरी हाताला गुंडाळत नाही. त्यापायी बोटं गेलेली माणसं सगळ्यांनी पाहिली आहेत. पण माझी दोरी? मला तर गळच नाही! मग मला कोण भिणार? माझी दोरी मनगटाला गुंडाळून लोक कॉफी प्यायचे, विडी पेटवायचे. एलिसेओनं एकदा भावाला हटकलं होतं. निकानोरनं माझ्या लाकडी तोंडात बोट घालून दाखवलं, म्हणाला, याला दात कुठे आहेत.

त्या वर्षी उत्तरेचा वारा थांबतच नव्हता. त्या दिवशी होडीत एक म्हातारा पाहुणा होता. निळी कड सापडेना तेव्हा एलिसेओ म्हणत गेला, अजून थोडं पुढे, अजून थोडं पुढे. अखेर कड सापडली. दोन शीडमासे आले, दोन्ही सोडले, बांबूवर दोन उलटे झेंडे चढले. लाटा मोठ्या होत्या. खुंटीला बांधलेल्या दोरीनं मी पाण्याबाहेर उड्या मारायला लागलो, म्हणून निकानोरनं दोरी खुंटीवरून सोडली आणि मनगटाला वेढे दिले. हातानं धरलं की झटका सौम्य बसतो. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. ते आधी हसलं, आणि मग एकदम गंभीर झालं. माझ्या मागे काहीतरी फार मोठं आलं होतं.

तो काळा मार्लिन होता, शीडमाशाचाच राक्षसी भाऊबंद, हे एलिसेओनं नंतर सांगितलं. त्यानं मला चोचीनं मारलं नाही. अख्खा तोंडात घेतला आणि सरळ खाली गेला.

मित्रांनो, मी फार खोल गेलो. अंधार झाला, थंडी झाली. माझ्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला निकानोर होता. आणि तिथे, त्या अंधारात, मला दोरीवर झटके जाणवले. एक लांब, दोन आखूड. सवयीनं दिले, की मला हाक मारली, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मग झटके थांबले. कधीतरी माशानं तोंड उघडलं आणि मी वर आलो, कारण लाकूड वर येतं. एलिसेओनं मला उचललं. दोरीचे वेढे तसेच गोल होते, मनगटाएवढे. त्यांत हात नव्हता.

त्यांनी संध्याकाळपर्यंत शोधलं. परत येताना बांबूवरचे झेंडे उतरवायचं कोणाला सुचलं नाही. धक्क्यावरच्या लोकांना लांबून दोन उलटे झेंडे दिसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सोराइदा डबा घेऊन पुढे आली, गरम भात आणि घेवडा, नवऱ्यानं धक्क्यावरच खावं म्हणून. होडी टेकली तरी तिची नजर झेंड्यांवरच होती. मग तिनं खाली पाहिलं आणि होडीतली माणसं मोजली.

नंतरची वर्षं मी कशी सांगू! एलिसेओनं पाहुणे घेणं बंद केलं. भावासाठी नऊ संध्याकाळची प्रार्थना त्यानं होऊ दिली नाही. प्रार्थना म्हटली म्हणजे तो मेला असं होईल, म्हणाला. सोराइदाला पुरायला काही नाही, रडायला जागा नाही. शेजारणीला ती एकदा म्हणाली, मी ना बायको ना विधवा, काळं नेसू की लाल, ते तरी मला कोणी सांगा.

पावसाळाभर मी रंगाच्या डब्यांमागे पडून असायचो. झुरळं माझं रोगण चाटायची. कोणी विचारत नव्हतं. पण उत्तरेचा वारा पडला आणि निळं पाणी जवळ आलं की एलिसेओ मला काढायचा, गोड्या पाण्यानं धुवायचा आणि एकटाच निघायचा. गळ नाही, काठी नाही. फक्त मी. त्या कडेवर जाऊन तो मला पाण्यात सोडायचा आणि दोरीचा आपल्या मनगटाला एक वेढा द्यायचा. त्याला वाटायचं, माझा आवाज निकानोरच्या ओळखीचा आहे. मी बोलावलं की सगळे वर येतात, मग तो का येणार नाही.

आणि कोणीतरी येत होतं. हे मी खोटं सांगत नाही. शीडमासे यायचे, चोच मारून कंटाळून जायचे. मग पाणी शांत झाल्यावर माझ्या झालरीला खालून कोणीतरी धरायचं. हळूच. आणि ओढायचं. एक लांब, दोन आखूड.

मी पुढेच बघत असायचो, मला दुसरं काय करता येणार होतं? मला फक्त एलिसेओचं तोंड दिसायचं. झटके लागले की ते तोंड उजळायचं, लहान पोराचं उजळतं तसं. आणि तो दोरीचा आणखी एक वेढा मनगटाला घ्यायचा. पुढच्या हंगामात आणखी एक. खालची ओढ दरवर्षी थोडी वाढत होती. मला भीती वाटायची, आणि ती सांगायला मला तोंड असून जीभ नव्हती. एक दिवस हा वेढे सोडायला वेळ ठेवणार नाही, आणि खालचा एकदाच जोरानं ओढेल, हे मला कळून चुकलं होतं.

ते आणखी एकीलाही कळलं. ऐन उन्हाळ्यात हा माणूस शर्टाच्या बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावून का हिंडतो, म्हणून सोराइदानं एकदा त्याचा हात धरून बाही वर सारली. मनगटावर दोरीचे पांढरे वळ होते. त्यानंतर वारा पडला त्या पहाटे ती तेर्कात येऊन बसली, मांडीवर डबा घेऊन. ती आयुष्यात कधी होडीत चढली नव्हती, तिला नुसत्या धक्क्यावरही मळमळायचं. एलिसेओनं तिला उतरायला सांगितलं. ती म्हणाली, होडी अर्धी माझ्या नवऱ्याची आहे, मी माझ्या अर्ध्यात बसले आहे, तू तुझ्या अर्ध्यात बस.

कडेपर्यंत जाताना ती दोनदा ओकली आणि तोंड पुसून पुन्हा ताठ बसली. एलिसेओनं मला पाण्यात सोडलं. वेढे घेतले. किती, ते मी मोजलं नाही, पण कोपर आणि मनगट यांच्या मध्ये कातडी थोडीच दिसत होती. दोरीचं टोक खुंटीला नव्हतंच. त्या सकाळी एकही शीडमासा आला नाही. पाणी गरम होतं आणि फार निळं होतं. मी गुबुक गुबुक करत होतो आणि मला ते बंद करता येत नव्हतं.

मग झालरीला हात लागला. एक लांब, दोन आखूड.

एलिसेओचं तोंड उजळलं. तो हळूच म्हणाला, "बघ. आला."

सोराइदानं पाण्याकडे पाहिलंच नाही. ती त्याच्याकडे बघत होती. तिनं विचारलं, "तुला पोहायला कोणी शिकवलं?"

"त्यानंच."

"कसं शिकवलं?"

"पोटाखाली हात धरून. मी बुडेन म्हणून रडायचो, तर तो म्हणायचा, माझा हात आहे ना."

"त्यानं तुला कधी खाली ओढलं?"

खालून पुन्हा ओढ आली, या वेळी जोराची. होडीचा मागचा भाग खाली दबला आणि एलिसेओ गुडघ्यावर आला. त्याचा हात कठड्याबाहेर गेला.

"माझा नवरा मासा सोडून द्यायचा," सोराइदा म्हणाली. "हातात आलेला. मी बारा वर्षं त्याच्या शेजारी झोपले, त्यानं माझ्या अंगावरचं पांघरूणसुद्धा कधी ओढून घेतलं नाही. हा जो ओढतोय तो कोण आहे मला माहीत नाही. पण हा निकानोर नाही, एलिसेओ. आण तो हात इकडे."

आणि एलिसेओ मोठ्यानं रडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रडताना त्यानं दुसऱ्या हातानं कठडा धरला आणि मनगट तिच्यापुढे केलं. तिनं वेढे सोडवायला घेतले. ओल्या दोरीनं तिची बोटं सोलली. खालचा ओढतच होता, आता लांब-आखूड काही नाही, नुसता ओढत होता. माझी झालर फाटली. शेवटचा वेढा सुटला तेव्हा दोरी तिच्या हातातून सळसळत निघाली. ती सोडून देईल असं मला वाटलं. पण तिनं मूठ आवळली, पाय कठड्याला लावले आणि मला झपाझप ओढायला लागली. एकदाही ते काम न केलेली बाई, आणि वेळ बरोबर निकानोरची! मी लाटांवरून उडत आलो. माझ्या मागे पाणी फुगलं असावं, कारण दोघांच्या तोंडावर सावली पडली. मग ऊन परत आलं. मी सोराइदाच्या मांडीत पडलो होतो, डब्याशेजारी.

मागे कोण होतं, हे त्या दोघांनी पाहिलं. त्याबद्दल ती दोघं कधी एकमेकांशीही बोलली नाहीत.

थोड्या वेळानं सोराइदानं डबा उघडला. भात आणि घेवडा. तिनं तो सगळा पाण्यात सोडला आणि म्हणाली, "जेव आणि जा." मग एलिसेओला विचारलं, "झेंडा आहे ना होडीत?"

तेर्का त्या दिवशी एक झेंडा लावून परत आली. पाहुणा नाही, काठी नाही, मासा नाही, आणि बांबूवर एकच झेंडा, उलटा. धक्क्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बर्फवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली, मग बाकीच्यांनी काढली. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

नऊ संध्याकाळ प्रार्थना झाली. शवपेटीत ठेवायला निकानोरचं म्हणावं असं दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून त्याचा शर्ट ठेवला आणि शर्टावर मला. झाकण लावण्याआधी सोराइदानं माझ्या डोळ्यांवरून बोट फिरवलं. तिचीच बटणं ती. मग मला वळवून ठेवलं, तोंड समुद्राकडे नाही, गावाकडे. तेव्हापासून मी इथे आहे, त्याच्या जागेवर. लोक येतात आणि त्याच्याशी बोलतात, आणि मी ऐकतो. मला याचं वाईट वाटत नाही. वल्ह्याचं लाकूड आहे मी, त्या घरचंच.

मित्रांनो, मृतांच्या दिवशी तुम्ही झाडू आणि फुलं घेऊन या दफनभूमीत येता, तुमच्या पायांचा आवाज मला वर ऐकू येतो. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. गळाला तुम्ही भिताच, त्याची मला काळजी नाही. काळजी आहे ती गळ नसलेल्या दोरीची, जिला कोणी भीत नाही. ती हाताला गुंडाळू नका. कितीही मायेची असली तरी नको. मुठीत धरा, घट्ट धरा, पण मूठ उघडली की सुटेल अशी धरा.

उत्तरेचा वारा सुटतो तेव्हा अजूनही कधीकधी इथे, मातीखाली, माझ्या फाटक्या झालरीला कोणीतरी हळूच हात लावतं. मी मागे बघू शकत नाही आणि बघायचंही नाही. मी वर कान देतो. वर एलिसेओ आलेला असतो, गवत उपटायला. तो रोजच येतो. तुम्ही त्याला पाहिलंच असेल. उन्हात काम करताना त्याच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या असतात.